मशीना काढून राह्य…

मी काळजी करणारा माणूस आहे. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघतो, जिना उतरतो आणि परत वर जाऊन ओढतो. बायको म्हणते, "तुमाले शिकवायची नाई, काळजी करायचीच नोकरी लागली हाये." मी चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. आणि त्या वर्षी कॉलेजनं मला जे काम दिलं ते खरोखरच काळजी करण्याचं होतं.

काम असं. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या कॉलेजांमध्ये कॉम्प्युटरच्या लॅब आहेत आणि त्यांतल्या मशिनी अर्धा दिवस नुसत्या बसून असतात. मूल, नागभीड, जिवती, पार खाली सिरोंचा. आमच्या विभागप्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या मनात आलं की या सगळ्या एकमेकींना जोडून त्यांच्याकडून एखादं मोठं काम करून घ्यावं. काम मिळालंही. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांचे ढीगभर फोटो तपासायचे, कोणत्या फोटोत जनावर आहे आणि कोणत्यात नाही ते मशिनीनं सांगायचं. बहुतेक फोटोंत वाऱ्यानं हललेलं गवत असायचं, कोणाची तरी बकरी असायची, नाहीतर मोहफुलं वेचायला निघालेल्या बायकांचे पाय. एखाद्या वेळी वाघ.

पण इतक्या लांब पसरलेल्या मशिनींना काम वाटायचं तर आधी कळायला हवं की या घटकेला कोण जागी आहे, कोण मोकळी आहे, कोणात किती जागा शिल्लक आहे. त्यासाठी प्रत्येक मशीन थोड्या थोड्या वेळानं चंद्रपूरला हजेरी लावायची आणि ती हजेरी एका डेटाबेसमध्ये जमा व्हायची. तो डेटाबेस कोणता घ्यायचा, हे ठरवणारी चाचणी माझ्याकडे आली. बेंचमार्क म्हणतात तिला. दोन उमेदवार होते. एकात माहिती फांद्याफांद्यांनी ठेवलेली असायची, जिल्हा, मग कॉलेज, मग लॅब, मग मशीन. त्याला आम्ही 'झाड' म्हणायचो. दुसऱ्यात साध्या ओळी आणि रकाने, तो 'तक्ता'.

आमच्या मोठ्या लॅबमध्ये मी सगळ्या मशिनी कामाला लावल्या. एकेकीनं दहा-वीस मशिनींचं सोंग घ्यायचं, हजेऱ्या लावायच्या आणि दुसरीकडून प्रश्न विचारत सुटायचं: मोकळी मशीन कुठे, मोकळी मशीन कुठे. विचारणारे वाढवत न्यायचे आणि उत्तराला किती वेळ लागतो ते टिपायचं. झाडानं कमाल केली. किती का विचारणारे असेनात, बोट उचलायच्या आत उत्तर हजर. तक्ता मात्र गर्दी झाली की रेंगाळायचा, कारण तो प्रत्येक वेळी ताजी हजेरी तपासून बोलायचा. झाडाकडे मघाचं उत्तर तयार असायचं, तेच ते पुढे करायचं.

सर खूश झाले. झाड तात्पुरतं लावूनही टाकलं आणि कामं वाटायला सुरुवात झाली. त्याच बैठकीत सरांनी एक नियम केला. ज्या केंद्राकडून कामं वारंवार अर्धवट परत येतील, त्याच्या मशिनी काढून चंद्रपूरला आणायच्या.

त्या रात्री मी घराचं कुलूप तीनदा ओढून बघितलं. कारण जिवतीच्या लॅबमध्ये माझी ताई होती.

आम्ही मूल गावचे. बाबा राइस मिलमध्ये कामाला होते. घरात पहिला टीव्ही आला त्या साली अवकाळी वादळात वीज पडली. कुठे पडली कोणालाच नीट कळलं नाही, पण टीव्ही फुटला, आणि ताईचा हात नेमका त्याच्या वायरीवर होता. जिवावरचं कानावर निभावलं. तिचा उजवा कान तेव्हापासून कामाचा राहिला नाही. फोन ती डाव्या कानाला लावते आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणून समोरच्यालाही येत नसेल अशा हिशेबानं ओरडून बोलते. इतकं होऊन कॉम्प्युटरच शिकली. जिवतीच्या कॉलेजात कंत्राटी शिक्षिका म्हणून लागली आणि भांडभांडून तिथे दहा मशिनी आणवल्या. तिची जागा त्या मशिनींवरच मंजूर होती. मशिनी गेल्या की ताईची नोकरी गेली, इतका सरळ मामला. भाऊजी वारल्यापासून ताई आणि तिची मुलगी त्याच नोकरीवर उभ्या होत्या.

मी पहिल्याच दिवशी सरांना सांगितलं होतं, जिवतीला माझी सख्खी बहीण आहे, हे काम दुसऱ्या कोणाला द्या. सर म्हणाले, "दुसरा कोण आहे इथं? तू आकडे दे. निर्णय मी घेईन." झालं. माझ्या आकड्यांवर बहिणीचं पोट, आणि आकड्यांना हात लावायचा नाही. मी जेवताना आकडे, आंघोळीला आकडे. बायकोनं एकदा भाजी वाढायच्या आधी माझ्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला.

होळी झाली, आभाळ अधूनमधून भरून यायला लागलं आणि जिवतीची कामं अर्धवट परत यायला लागली. एक नाही, दहाच्या दहा मशिनींची, एकदम. झाड सांगायचं, जिवती जागी आहे, मोकळी आहे. काम जायचं आणि मध्येच मरायचं. मी ताईला फोन केला.

"जयभीम. बोल."

"ताई, काय होऊन राह्यलं तिथी? तुझ्या मशिनी मधातच गायब होतात."

"काही नाई होत. लाईन जाते, लाईन येते. तुमच्या चंद्रपुरात नाई जात का?"

तेवढ्यावर फोन ठेवला तिनं. नियमाचं मी तिला सांगितलं नाही. सांगून तिची झोप उडवण्यापेक्षा माझी एकट्याची उडालेली बरी, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे सांगायची भीती वाटत होती.

मग एका सकाळी सर म्हणाले, "जिवतीचं काही खरं नाही. या आठवड्यात गाडी पाठवू." दुपारी मला राहवेना. आता सांगूनच टाकू, म्हणून ताईला फोन लावला. पलीकडे नुसता गलका. मुलींचे आवाज, बाकं सरकल्याचे आवाज, घरघर. आणि ताई ओरडली, "मंग बोलतो रे! मशीना काढून राह्य…"

फोन तुटला.

राह्यले की राह्यली? आमच्या बोलीत बायकाही 'बोलतो', 'करतो' म्हणतात, पण इथे त्या शेवटच्या अक्षरावर सगळं असतं. 'राह्यली' म्हणजे ती स्वतः काढते आहे. 'राह्यले' म्हणजे ते काढत आहेत. ते म्हणजे कोण, हे मला सांगायला नको होतं. गाडी आजच पोचली! सरांनी आठवडा म्हटलं आणि गाडी आजच पोचली. मी परत फोन लावला, लागेना. सरांच्या खोलीला कुलूप, सर कुठेतरी परीक्षेच्या कामाला गेलेले. मी मोटारसायकलला किक मारली.

वर्धा नदीच्या पुलावरून राजुरा, राजुऱ्याहून गडचांदूर. सिमेंटचे ट्रक पुढे आणि मागे, डोळ्यांत धूळ. गडचांदूरच्या पुढे घाट लागला आणि पाऊस. रेनकोट घरी. मी समोरून येणाऱ्या प्रत्येक टेम्पोत वाकून बघत होतो, ताडपत्रीखाली मॉनिटर दिसतात का. एका टेम्पोला तर मी हात करून थांबवलं. त्यात खुर्च्या होत्या, लग्नाच्या. ड्रायव्हर म्हणाला, "लग्नाले यायचं हाये का भाऊ?" मी पुढे निघालो. कॉलेजची गाडी सापडली तर काय बोलणार होतो, हेही ठरलेलं नव्हतं. पाया पडणार होतो की भांडणार होतो, मला माहीत नव्हतं.

जिवतीला पोचलो तेव्हा पाऊस ओसरला होता. कॉलेजच्या अंगणात गाडी नव्हती. गेली असणार. मी धावतच लॅबमध्ये शिरलो.

दहाच्या दहा मशिनी जागेवर होत्या. प्रत्येकीवर जुनं लुगडं फाडून केलेलं पांघरूण. आणि भिंतीपासून सगळे प्लग उपटून, वायरी गुंडाळून, टेबलांच्या कडेला अडकवून ठेवलेले. ताई खिडकीखालचं पाणी पोतेऱ्यानं पुसत होती. मला पाहून तिचा हात थांबला.

"काऊन रे? घरी सगळे बरे हायेत ना?"

"मशीना… काढून राह्यले म्हणाली ना तू!"

"काढून राह्यली म्हनलं. मी. इजा कडाडून राह्यल्या होत्या, पिना काढल्या. तुले काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता मला हसू यायला लागलं, आणि ते हसू काही नीट हसू नव्हतं. ताईनं मला ओल्या कपड्यांसकट खुर्चीत बसवलं.

ढग गडगडले की पिना काढायच्या. आमच्या भागात जेवायच्या आधी हात धुतात तितकी ही साधी गोष्ट आहे. माझ्या आईनं केलं, शेजारणींनी केलं, मीही लहानपणी स्टुलावर चढून केलं. म्हणून तर ताईनं फोनवर त्याचा उल्लेखही केला नव्हता. हात धुतले म्हणून कोण सांगतं? आणि मी, चंद्रपूरच्या कॉलेजात डोक्यावर वीजरोधक आणि खाली बॅटऱ्यांची खोली घेऊन बसलेला, ते विसरूनच गेलो होतो. माझ्या चाचणीत शेकडो सोंगाड्या मशिनी हजेरी लावत होत्या, पण त्यांतली एकही, कोणी पीन उपटली म्हणून, न सांगता गेली नव्हती. ताईच्या मशिनी जात होत्या आणि झाड मघाचीच हजेरी पुढे करून म्हणत होतं, जिवती जागी आहे, पाठवा काम.

मी ताईला सगळं सांगून टाकलं. नियम, गाडी, तिची जागा. ती डावा कान माझ्याकडे करून ऐकत होती.

"म्हंजे मी पिना काढतो म्हनून मशीना जातीन?"

"तसंच होऊन राह्यलं."

तिनं पोतेरं पिळलं, बादली बाहेर नेऊन ओतली. मग म्हणाली, "चहा मांडतो." घाट उतरताना मला जाणवलं की मी फार मोठी चूक करून बसलो आहे, पण कोणती ते नेमकं कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीपासून मी चाचणी पुन्हा मांडली. या वेळी अर्ध्या कामात मी लॅबभर फिरून हातानं पिना उपटायचो आणि बघायचो, दोघांपैकी कोणाला किती लवकर कळतं. तक्ता एखादी हजेरी चुकली की ती ओळ लगेच खोडायचा. झाड बराच वेळ मेलेल्यांना जागं म्हणत राहायचं. आकडे इतके उघड होते की मलाच त्यांचा संशय यायला लागला.

सरांनी कागद पाहिले, चष्मा काढला. "एक विचारू? हे बहिणीसाठी करून राह्यला का?"

मला राग आला. पण तो गिळला, कारण प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "सर, तुम्हीच बघा. खऱ्या केंद्रांवर, दोन्ही शेजारी शेजारी लावून."

"ठीक. पुढचं आभाळ येईल तेव्हा बघू. त्यात जिवतीचं काम दोन्हीकडून मेलं, तर गाडी जाईल."

पुढचं आभाळ लवकरच आलं. दुपारी सर, मी आणि समोर दोन पडदे. डावीकडे झाड, उजवीकडे तक्ता. ताईला या चाचणीबद्दल मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. दोन्हीकडे जिवतीच्या दहा मशिनी जाग्या होत्या आणि सगळ्यांना कामं गेलेली होती. खिडकीतून दक्षिणेकडे बघितलं तर काळंकुट्ट. राजुऱ्याकडून आलेला एक शिपाई म्हणाला, तिकडे इजा पडून राहिल्या आहेत.

आम्ही वाट पाहत बसलो. दोन्ही पडद्यांवर जिवती जागी. सर म्हणाले, "वा, आज तर टिकून आहे."

तेव्हा मला माझी चूक कळली. पिना काढल्या म्हणून मशिनी जातील, हे मीच तिला सांगून आलो होतो. ती काढत नव्हती. नोकरीसाठी ती विजेखाली मशिनी चालू ठेवून बसली होती. आणि ही वेळ मुलींच्या प्रॅक्टिकलची. डोंगरातल्या गुड्यांतून, पोडांतून, म्हणजे आदिवासी वस्त्यांतून चालत येणाऱ्या मुली त्या दहा मशिनींच्या वायरींपाशी बसलेल्या असणार, तिचाही हात कुठेतरी वायरीवर असणार. मी फोन लावला. लागेना. परत लावला. महिनाभर मी एकच प्रार्थना केली होती, जिवतीच्या ओळी पडद्यावर टिकू देत. आता मी त्या पडद्यासमोर बसून म्हणत होतो, जा. जा बापा. खोडल्या जा.

"काय झालं?" सरांनी विचारलं. मी सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. मग तेही पडद्याकडे बघायला लागले, आणि आता ते आकडे बघत नव्हते.

उजवीकडची एक ओळ गेली.

मग दुसरी. मग दोन एकदम. एक बाक, एक पीन, पुढचं बाक. मला ताईची चालण्याची तऱ्हा दिसत होती. तक्त्यातून जिवती एकेक करून नाहीशी होत होती आणि तिच्याकडची कामं तो नागभीडला देत होता. झाड मात्र शांतपणे दहाच्या दहा जाग्या दाखवत होतं आणि आणखी कामं तिकडे लोटत होतं. शेवटी उजवीकडे एकच ओळ उरली. ती काही केल्या जाईना. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. सरही उठले होते. मग तीही गेली.

आता तिथे काय चाललं आहे हे सांगणारं आमच्याकडे काहीही नव्हतं. मशिनी नाहीत एवढंच तक्ता सांगत होता. ताई बरी आहे का, हा रकाना त्यात नव्हता.

बऱ्याच वेळानं फोन वाजला.

"जयभीम. फोन केला होता काऊन? रेंज नोती."

"ताई! इतका वेळ कायले लावला? पिना काढायले इतका वेळ?"

"ओरडू नोको, येते मले ऐकू." तीच ओरडत होती. "पोट्ट्या होत्या ना मशीनावर. आधी पोट्ट्यायले काढलं, बाजूच्या पक्क्या खोलीत नेऊन बसवल्या. मंग मशीना काढल्या. एकीतलं काम संपून राह्यलं होतं, तिच्यासाठी थांबली जराशीक."

"थांबायचं नाई! काम मेलं तरी थांबायचं नाई!"

"मंग नोकरी?" ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं विचारलं.

सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. सर एरवी दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत. "बाई," ते म्हणाले, "मी यांचा साहेब बोलतो. गाडीबिडी काही येत नाही. तुम्ही पिना काढत जा." मग डाव्या पडद्याकडे बघून म्हणाले, "हे बंद कर रे. खोटं बोलते."

आम्ही तक्ता घेतला. गर्दीत तो अजूनही रेंगाळतो, त्यावर उपाय करण्यात माझी सुट्टी गेली. पण त्यात मी एक भर घातली. पूर्वी मशिनीच्या दोनच अवस्था होत्या, जागी आणि बंद. आता तिसरी आहे. आभाळ आलं की पीन उपटायच्या आधी एक बटण दाबायचं, मग त्या ओळीला नवं काम जात नाही आणि गेलेलं काम केंद्राच्या नावावर मेलं असं लागत नाही. त्या अवस्थेला नाव काय द्यायचं, यावर बैठकीत बराच खल झाला. मी ताईचाच शब्द सुचवला. 'काढून ठेवली.' आज सिरोंच्यापासून नागभीडपर्यंत सगळे तेच बटण दाबतात.

ताई अजून जिवतीलाच आहे. आभाळ भरून आलं की मी वर्ग अर्ध्यावर सोडून पडद्यापाशी जातो. मुलं हसतात. बायको म्हणते, नोकरी पक्की झाली तुमची. मी उभ्या उभ्या बघतो. जिवती एक, काढून ठेवली. जिवती दोन, काढून ठेवली. दहावी ओळ नेहमी उशिरा बदलते. किती सांगितलं तरी ती त्या एका मशिनीसाठी थांबतेच, आणि ती ओळ बदलेपर्यंत मला खाली बसता येत नाही.